वय झालेल्या विनोदी जोड्या स्टेजवर बघायला जावं का? (आईबाबांना न्यायचंय)

मधली_सीट

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

तर झालंय असं की पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होतायत. हॉटेलात जेवायला दोघंही नको म्हणतात, बाबांना तिथलं सगळं तिखट लागतं आणि आईला सगळं महाग. मग भावाने सुचवलं की नाटकाला नेऊ, आणि माझ्या डोक्यात लगेच आलं 'एका लग्नाची पुढची गोष्ट', कारण १९९८ ला 'एका लग्नाची गोष्ट' आलं तेव्हा आम्ही चौघं ते शिवाजी मंदिरला जाऊन बघून आलो होतो, मी तेव्हा शाळेत होते, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरात ते सुखाचं गाणं कुकरच्या शिट्टीसारखं वाजायचं. आता तेच दोघं, प्रशांत दामले आणि कविता लाड (आता मेढेकर), तेच नवरा-बायको, मध्ये वीस वर्षं गेलेली.

पण मला भीती वाटतेय. मागच्या वर्षी एका जुन्या जोडीचा कार्यक्रम बघितला होता, नावं नाही लिहीत, मोठी माणसं आहेत. दोघं खुर्च्यांवर बसून आठवणी सांगत होते आणि मागच्या स्क्रीनवर जुन्या क्लिपा चालू. लोक क्लिपांना पोट धरून हसत होते आणि क्लिप संपली की खोकत होते. मला इतकं कसंतरी झालं की इंटरव्हललाच निघावंसं वाटलं.

म्हणून विचारतेय, जोडी म्हातारी झाली की विनोद उरतो का, की आपण आपल्या जुन्या हसण्याचेच पैसे भरतो? अजून एक, बाबांना डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि मशीन लावायला ते तयार नाहीत. संवादावर चालणारं नाटक त्यांना कितपत कळेल?

---

पोहे_विना_दाणे

डोळे झाकून जा. २०२२ च्या नोव्हेंबरात षण्मुखानंदला दामलेंचा १२,५०० वा प्रयोग झाला तो याच नाटकाचा होता, तेव्हा मी बाल्कनीत शेवटून तिसऱ्या रांगेत होतो, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्येसुद्धा माझ्यापर्यंत सगळं पोचत होतं. साडेबारा हजार वेळा मेकअप करून माणूस विंगेत उभा राहिलाय, त्याला 'उरलंय का' काय विचारता ताई.

सीटचं सांगतो. पहिल्या तीन रांगा घेऊ नका, मान वर करून करून दुखते, म्हाताऱ्या माणसांना तर नकोच. पाचवी ते दहावी रांग, मधला ब्लॉक. बाबांचा उजवा कान चालतो ना, मग त्यांना डावीकडची खुर्ची द्या म्हणजे चांगला कान स्टेजकडे राहील. प्लॅन उघडला, म्हणजे बुकिंग सुरू झालं, की त्याच दिवशी काढा, नंतर कोपरेच उरतात.

आणि दामले सरांचं 'गेला माधव कुणीकडे' पण परत आलं होतं मध्यंतरी, ते बघितलंत का? १९९२ चं नाटक, वसंत सबनीसांचं. "अरे हाय काय अन् नाय काय" ला थिएटर अजून उठतं.

---

तिकीटबारी_बंद

मी थोडं विरोधात लिहितो, शिव्या नका घालू.

'थिएटर अजून उठतं' हेच माझं दुखणं आहे. वाक्य यायच्या आधीच लोक टाळ्या वाजवतात, म्हणजे तो विनोद राहिला कुठे, ती आरती झाली. आरतीला कोण हसतं? आम्ही पाच पोरं एक नवीन कॉमेडी घेऊन दीड वर्ष फिरतोय, आम्हाला मंगळवार दुपार मिळते. शनिवार-रविवारच्या तारखा नाट्यगृहांच्या तिमाही वाटपातच जातात, मोठ्या नावांना, मोठ्या निर्मात्यांना. त्यांचं चुकतंय असं नाही म्हणत, त्यांचं हाउसफुल्ल होतं म्हणून त्यांना मिळतं, पण मग वीस वर्षांनी कोणाची पुढची गोष्ट बघणार तुम्ही? आमची पहिलीच कोणी बघितली नाहीये.

तरी प्रामाणिकपणे एक सांगतो, 'व्हॅक्यूम क्लीनर' बघायला मी नाक मुरडत गेलो होतो. अशोक सराफ आणि निर्मिती सावंत. नवरा-बायकोचे आत्मे अदलाबदल होतात, म्हणजे सराफांच्या देहात बायको आणि निर्मितीताईंच्या देहात नवरा. मला वाटलं आता पदर, लाजणं, बारीक आवाज, ठरलेलं सगळं येणार. सराफांनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. आणि माझं लक्ष गेलं ते एका साध्या गोष्टीकडे, निर्मितीताई सोफ्यावर पाय फाकवून बसल्या की सराफ नुसते बघायचे. 'माझं शरीर काय करून ठेवलंय ह्यांनी' असलं बघणं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच होत नव्हतं आणि हशा मात्र येतच होता. मी दुसऱ्या अंकात वही काढली, लाज नाही वाटत सांगायला.

---

विंग_नंबर_दोन

'तिकीटबारी' मित्रा, वही काढलीस यातच आलं सगळं.

मी अकरा वर्षं लाइट ऑपरेट केले, नोकरी लागल्यावर सोडलं. एका जोडीबरोबर (नाव विचारू नका, ओळखलंत तरी लिहू नका) विदर्भ-मराठवाडा सगळा दौरा केलाय. दोघंही साठीच्या पुढचे. बसमध्ये एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत, एक पुढे ड्रायव्हरच्या मागे, दुसऱ्या मधल्या दारापाशी, मला पहिले दोन दिवस वाटलं भांडण आहे. नंतर कळलं की भांडण वगैरे काही नाही, बोलायचं ते सगळं स्टेजवर बोलून संपलेलं असतं.

एका गावात दुसऱ्या अंकात सर ब्लँक झाले. पूर्ण. मी बूथमधून बघतोय, हात वर गेलेला आणि वाक्य नाही. चार सेकंद तिथे किती मोठे असतात ते स्टेजवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बाई तेव्हा डायनिंग टेबलावर भाजी निवडत होत्या, म्हणजे पात्र निवडत होतं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "काल चष्मा विसरलात, आज वाक्य विसरलात, उद्या घरी आल्यावर मला विचाराल, आपण कोण?" हॉल फुटला. आणि त्या हशाच्या आत, म्हणजे हशा चालू असतानाच, त्यांनी मेथीच्या जुडीमागून ओठ न हलवता सरांना पुढच्या वाक्याचा पहिला शब्द दिला. हशा ओसरायच्या आत सर गाडीवर परत.

आता खरी गंमत. प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये दोघांचं जे काही वाजलं! मला वाटलं सर आभार मानतायत. सर म्हणत होते, "तुम्ही 'आज वाक्य' आधी म्हणालात, तो पंच शेवटी पाहिजे होता, लाफ्टर दोन ठिकाणी तुटला." अर्धा तास यावर. आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात सर त्याच जागी मुद्दाम विसरले, बाईंनी अ‍ॅडिशन (संहितेत नसलेलं वाक्य) घेतली, क्रम बदलून, आणि लाफ्टर डबल आला. पुढे दौरा संपेपर्यंत ते वाक्य नाटकात राहिलं. लेखकाला मानधन वाढवून मिळालं नाही ही वेगळी गोष्ट.

मला एवढंच कळतं की पंच टाकणारा माणूस कितीही ग्रेट असो, जोडी टिकते ती समोरच्यामुळे. समोरचा कधी थांबतो, कधी बघतो, हशा खाली यायला लागल्यावर नेमका कुठे बोलतो. तो वर असताना बोललास तर वाक्य वाया, पूर्ण बसल्यावर बोललास तर स्टेज थंड. हे पंचवीस वर्षांत येतं, पंचविशीत नाही येत. पळणं, उड्या मारणं जातं वयाबरोबर, हे उलट पिकत जातं.

मधलीसीटताई, तुमच्या त्या क्लिपांच्या कार्यक्रमात हेच नसणार. दोघांनी एकमेकांशी खेळायचं सोडून लोकांशी बोलायला सुरुवात केली की जोडी संपली, मग ती मुलाखत.

---

कवठेमहांकाळकर

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. हे सगळं आमच्या तमाशात कधीचं बसवलेलं आहे राव, त्याला बतावणी म्हणतात. गण झाला, गवळण झाली की सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे. सरदार सरळ माणसासारखं विचारत राहतो आणि सोंगाड्या त्याच्या प्रत्येक शब्दाचं वाकडं करतो. लोक सोंगाड्याचं नाव घेऊन घरी जातात पण फडातल्या माणसाला विचारा, चांगला सोंगाड्या मिळतो, चांगला सरदार मिळत नाही.

नमुना म्हणून माझ्या मनाने जुळवतो, कुठल्या वगातला नाही:

— कुठं निघालास रं?
— तालुक्याला.
— कशापायी?
— जित्ता हाय का न्हाय बगून येतो.
— कोन?
— म्याच की. कागदावर मेलोय म्हनं.

यात तुम्हाला शेवटचं वाक्य विनोदी वाटेल. पण सगळा जोर त्या 'कोन?' वर आहे. तो घाईने विचारला तर मेला, उशिरा विचारला तर लोकांनी आधीच ओळखलेलं असतं.

आणि जोडी म्हणाल तर आमच्या सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, दिसायला एकसारखे. 'जहरी प्याला' वगात दोघं हवालदार व्हायचे आणि ती हवालदारांची नावंच त्यांना आयुष्यभर चिकटली, खरी नावं आमच्या तालुक्यातसुद्धा कित्येकांना माहीत नाहीत. त्यांच्या घराण्यात जोडी हाच धंदा, आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा, मग काळू-बाळू. तीन पिढ्या, तिन्ही जोड्याच!

मी त्यांना बघितलं तेव्हा वय झालं होतं त्यांचं. यात्रेतला खेळ, तंबू, थंडी असली की चहाचा पेला दोन्ही हातात धरायचा. माझे आजोबा मला खांद्यावरून उतरवून म्हणाले, बघ आता. दोघं आले, एकमेकांकडे बघितलं, आणि एकाने टोपी सरळ केली. दुसऱ्याने त्याचं बघून स्वतःची केली. पहिल्याने परत केली. अजून कोणी तोंडसुद्धा उघडलेलं नाही आणि माझे आजोबा, जे घरात हसायचेच नाहीत, ते रुमाल शोधतायत. टोपीचं एवढं काय होतं ते आजही मला कुणाला करून दाखवता येत नाही. बायकोला दाखवलं एकदा, ती म्हणाली डोकं दुखतंय का.

काळू २०११ ला गेले. एक गेल्यावर दुसऱ्याला बघायची माझी तरी हिंमत नव्हती.

---

जाड्या_रड्याचा_भाचा

कवठेमहांकाळकर, टोपीवरून आमचे मामा आठवले की! म्हणजे लॉरेल-हार्डी हो. मी नऊ वर्षं झाली इंग्लंडात आहे, कामानिमित्त प्लायमथला जाणं होतं, आणि या धाग्याला ते गाव अगदी फिट बसतं.

आपल्याकडे जाड्या-रड्या म्हटलं की काळ्या-पांढऱ्या फिल्माच डोळ्यासमोर येतात, पण शेवटची काही वर्षं हे दोघं स्टेजवर होते. सिनेमाचं काम आटत गेलं तसे ते इकडे ब्रिटनला दौऱ्यावर यायला लागले, १९४७, मग १९५२, मग १९५३-५४. आपल्यासारखंच, आज या गावात, पुढच्या आठवड्यात त्या गावात. दोघंही साठीच्या आसपास, हार्डीचं वजन आणि तब्येत दोन्ही हाताबाहेर. शेवटच्या दौऱ्यात त्यांचं एक स्किट होतं, दोघांना व्हिस्की चाखायची नोकरी लागते, चाखून चाखून हार्डीला वाटतं आपण पक्षी आहोत, तो खिडकीतून उडतो आणि थेट हॉस्पिटलात. म्हणजे विचार करा, ज्यांच्याकडून लोकांना पडापडीची अपेक्षा, त्यांनी पडायचं सगळं पडद्यामागे ठेवलं आणि पुढे काय, तर एक पलंगावर आणि दुसरा त्याला भेटायला आलेला. वयाचं गणित बघा कसं सोडवलंय. ही सगळी जुळवाजुळव मुख्यतः लॉरेलची, रडक्या तोंडाचा तो, पण डोकं त्याचं. हार्डीचं काम काय, तर प्रेक्षकांकडे बघणं, 'बघताय ना काय भोगतोय मी' असं. वरती 'विंग' म्हणाले तसा समोरचा माणूस.

त्याच दौऱ्याच्या सुरुवातीला, सप्टेंबर १९५३, जहाज आयर्लंडच्या कोव्ह बंदराला लागलं तर बंदरातली जहाजं भोंगे वाजवायला लागली, धक्क्यावर ही गर्दी, आणि टेकडीवरच्या चर्चच्या घंटांवर त्यांच्या फिल्मांची ती कुकू-कुकूवाली धून. दोघं रडले म्हणतात. सिनेमावाल्यांनी काम देणं बंद केलेली दोन माणसं ही.

आणि प्लायमथ, पॅलेस थिएटर, १७ मे १९५४, सोमवार. हार्डी तापाने फणफणलेला तरी उभा राहिला, त्यातच हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेल्याचं नंतर कळलं, आणि आठवड्याचे पुढचे प्रयोग रद्द झाले. तो त्यांचा स्टेजवरचा शेवटचा प्रयोग. हार्डी १९५७ ला गेला. लॉरेल १९६५ पर्यंत होता, पण पार्टनर गेल्यावर त्याने परत कधी काम केलं नाही. सांता मोनिकातल्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि त्याचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत चक्क छापलेला असायचा, कोणीही फोन करावा, तो उचलायचा.

त्या थिएटरसमोर मी उभा राहून आलोय, बंद आहे, बाहेरून इमारत देखणी. पावसात उभा होतो आणि मनात काय आलं माहितेय, त्या सोमवारी तिकीट काढून बसलेल्या एखाद्या माणसाने घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल, ठीक होतं, जाड्या जरा दमल्यासारखा वाटला.

तर मधलीसीट, तिकीट काढा.

---

तिकीटबारी_बंद

बरं बाबा, हरलो. पण मंगळवार दुपारचा मुद्दा अजून तिथेच आहे.

---

विंग_नंबर_दोन

तो मान्य. पाठव तुझ्या प्रयोगाची तारीख, ऑफिसला दांडी मारून येतो. फक्त एक काम कर, तुमच्या पाचांतले कोणते दोघं एकमेकांचं नीट ऐकतात ते शोध आणि त्यांना सोडू नकोस.

---

मधली_सीट

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. जाऊन आलो काल.

सीट सातवी रांग मिळाली, बाबांना डावीकडे बसवलं, पोहे यांचे आभार. मशीन घरीच. तिसरी घंटा झाल्यावर बाबांनी मला मोठ्याने विचारलं की सुरू झालं का, पुढच्या रांगेने वळून बघितलं, असो.

आई पहिल्या दहा मिनिटांतच त्यांच्यात सामील झाली, म्हणजे कविताताईंच्या प्रत्येक टोमण्यावर "बरोबर आहे" म्हणत होती, स्वतःशी म्हणतेय असं तिला वाटत होतं. मी अर्धा वेळ नाटक आणि अर्धा वेळ बाबांना बघत होते, कारण मला काळजी की यांना कळतंय का. तर बाबा हसत होते. थोडं वेगळ्या ठिकाणी. लोक वाक्य संपल्यावर हसायचे आणि बाबा त्याच्या आधी किंवा मग कितीतरी नंतर, जेव्हा दोघांपैकी एक गप्प असायचं तेव्हा. एकदा तर दामले नुसते बायकोकडे वळले आणि थांबले, अजून वाक्य यायचं होतं, आणि अख्ख्या थिएटरात माझे बाबा एकटेच खो खो. मग वाक्य आलं आणि बाकीचे हसले, तेव्हा बाबा शांतपणे चष्मा पुसत होते. 'विंग' यांनी लिहिलेलं तेव्हा मला डोळ्यांनी दिसलं.

तिकीटबारी यांच्यासाठी खास, वाक्याआधी टाळ्यांचा प्रकार झाला दोन ठिकाणी. आणि दोन्ही वेळेला त्यांनी लोकांना पूर्ण टाळ्या वाजवू दिल्या आणि मगच बोलले. तुमचं म्हणणं मला पटतंय, आरती झालीच ती. पण आमच्या रांगेत कॉलेजातली दोन मुलं होती, त्यांना काहीच पाठ नव्हतं, ती पण हसत होती.

घरी येताना रिक्षात मी बाबांना विचारलं, किती ऐकू आलं? म्हणाले, "निम्मं. पण तिला त्याचं सगळं ऐकू येत होतं ना." यावर आई म्हणाली की घरी आपलं उलट आहे, मग दोघांचं जे सुरू झालं ते घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये संपलंच नाही आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

इंटरव्हलचा वडा गार होता. कवठेमहांकाळकर, 'जहरी प्याला'चं कुठे रेकॉर्डिंग मिळेल का? बाबा विचारतायत, त्यांनी लहानपणी बघितलाय म्हणे, हे आम्हाला ४५ वर्षांत काल पहिल्यांदा कळलं.